चारोळी लिनक्सची शंकेखोर मंडळी

आमच्या प्रोजेक्टमध्ये प्रत्येक तक्रारीला एक नंबर मिळतो. दुरुस्ती झाली की नंबर बंद. किश्श्यांचं तसं नाही. त्यांना नंबर नाही आणि ते बंद व्हावेत असं कुणाला वाटतही नाही. त्यामुळे गेल्या काही वर्षांत ते इतके साठलेत की शहाद्यात आम्ही चहाला बसलो की चहा आधी संपतो, किस्सा नंतर.

पहिल्यांदा मंडळी कोण ते सांगते.

चारोळी लिनक्स ही आमची ऑपरेटिंग सिस्टिम. कॉम्प्युटर सुरू केला की त्याचा सगळा कारभार जी बघते, ती. लिनक्स जगभर फुकट मिळतं. आम्ही त्यातलं जुन्या, दमलेल्या मशीनवर चालेल तेवढं निवडतो, त्यात मराठी, अहिराणी, पावरी घालतो आणि जिल्ह्यातल्या शाळांना, वाचनालयांना देतो. वर्षातून एकदा नवी आवृत्ती निघते, ती रिलीज. मधल्या काळात झालेल्या चुका निस्तरून पाठवायच्या, ते अपडेट. सातपुड्यात चारोळीची झाडं भरपूर, म्हणून हे नाव.

माणसं चार. मी सुषमा, शहाद्याच्या एका कॉलेजच्या लायब्ररीत नोकरीला. रिलीजची तारीख ठरवायची आणि ती पाळली नाही म्हणून सगळ्यांची बोलणी खायची, हे माझं काम. दिलीपभाऊ पाटील यांचं बसस्टँडजवळ कॉम्प्युटर रिपेअरिंगचं दुकान, बोलणं अहिराणी. रतन पावरा सर धडगावला शिक्षक, भाषांतर त्यांच्याकडे. आणि हेमंत, मूळ तळोद्याचा, आता पुण्यात, तो सर्व्हर सांभाळतो.

चौघांत एकच गुण सारखा. कुणाचाच कुणावर पटकन विश्वास बसत नाही. दिलीपभाऊ तर एका घड्याळात वेळ बघतात आणि दुसऱ्या घड्याळात खात्री करतात!

*

तापीकाठच्या एका गावातल्या शाळेत दहा-बारा कॉम्प्युटर धूळ खात पडले होते. दिलीपभाऊ आणि मी तिथे चारोळी घेऊन गेलो.

मुख्याध्यापकांनी सगळं नीट ऐकून घेतलं. चहा पाजला. मग चष्मा काढून म्हणाले, "बाकी सगळं ठीक. यात तुमचं काय?"

"आमचं काही नाही, सर."

"काहीच नाही?"

"काहीच नाही."

"मग लेखी द्या."

दिलीपभाऊंना आनंदच झाला. आपल्यासारखाच माणूस भेटला! तिथल्या तिथे कागद घेतला. 'सदर सॉफ्टवेअर देण्यामागे आमचा कोणताही वैयक्तिक, राजकीय वा इतर हेतू नाही' असं लिहिलं, खाली दोघांनी सह्या केल्या.

सरांनी कागद दोनदा वाचला. घडी घालून खिशात ठेवला आणि उभे राहिले.

"आतापर्यंत मला नुसता संशय होता," ते म्हणाले. "आता खात्री झाली!"

*

आमचा ईमेलचा एक ग्रुप आहे. काही बिघडलं की लोक त्यावर लिहितात. नवी आवृत्ती महिन्यावर आली असताना त्यावर एका अनोळखी माणसाचा मेल आला. नाव नाही, गाव नाही, नमस्कार नाही. फक्त चार ओळी:

बंद घराच्या दारावरती
कुणी लावले नवे कुलूप?
किल्ली होती माझ्यापाशी
आता तीही बसली चूप.

दुसऱ्या दिवशी आणखी चार ओळी. त्यात खिडकी होती आणि कुणीतरी आत डोकावत होतं.

दिलीपभाऊ दुकानाचं शटर अर्धं ओढून लायब्ररीत आले. "ताई, हाऊ माणूस साधा नही शे. घर म्हणजे सर्व्हर. कुलूप म्हणजे पासवर्ड. हाऊ धमकी दी ऱ्हायना!"

हेमंत पुण्याहून म्हणाला, असं काही नसतं. पण त्याच दिवशी त्यानं गुपचूप सगळे पासवर्ड बदलले. आम्हाला सांगितलं नाही, त्यामुळे दोन दिवस आम्हालाच आत जाता येईना. म्हणजे दिलीपभाऊंना कुलपाचा पुरावाच मिळाला!

शेवटी मी त्या पत्त्यावर सरळ विचारलं, आपण कोण? उत्तर लगेच आलं. तळोद्याचे एक निवृत्त पोस्टमास्तर, वामननाना. त्यांना वाटलं होतं चारोळी म्हणजे चार ओळींची कविता. कवींचा ग्रुप असेल म्हणून ते आले होते.

मी त्यांना समजावून सांगितलं की नाना, हा कॉम्प्युटरवाल्यांचा ग्रुप आहे. इथे लोक कविता नाही, तक्रारी लिहितात.

नानांचं उत्तर आलं, "असं होय! मला वाटलं, नवकविता आहे. 'प्रिंटर जोडलेला आहे, तरी सापडत नाही', ही ओळ तर मी वहीत उतरवून घेतली!"

*

रिलीजच्या तारखेची मीटिंग म्हणजे लग्नाची बोलणी. प्रत्येकाला घाई असते आणि कुणाचीच तयारी नसते.

त्या वर्षी मी होळीच्या आधीची तारीख धरली होती. रतन सर म्हणाले, होळीनंतरची घ्या. ते काठी गावच्या राजवाडी होळीला जाणार होते आणि त्यांनी पाळणी धरली होती. पाळणी म्हणजे होळीचं व्रत. त्या दिवसांत खाटेवर बसायचं नाही, आणखी बरंच काही पाळायचं.

दिलीपभाऊंना शंका आली. सरांचं भाषांतर राहिलंय आणि ते होळीच्या आड लपतायत!

फोनवर व्हिडिओ मीटिंग लावली. सर घरात जमिनीवर बसलेले दिसत होते. दिलीपभाऊ आडून आडून विचारायला लागले, "सर, पाळणीमा खाट चालत नही, ते समजनं. कीबोर्ड चालस का?"

"कीबोर्ड चालतो की."

"मंग काम करता येस?"

"येतं."

दिलीपभाऊंनी माझ्याकडे बघून मान हलवली. पकडला!

सर शांतपणे म्हणाले, "कीबोर्ड चालतो, दिलीपभाऊ. खोटं बोललेलं चालत नाही. म्हणून सांगतो, भाषांतर अर्धंच झालंय."

तारीख होळीनंतरची ठरली. पुढे कित्येक मीटिंगांत, कुणी 'माझं काम नव्वद टक्के झालंय' म्हणालं की हेमंत विचारायचा, "पाळणी धरून सांगतोस का?"

*

रिलीज बाहेर पाठवताना तिच्यावर डिजिटल शिक्का मारावा लागतो. शिक्का असला की शाळेतल्या कॉम्प्युटरला कळतं, माल चारोळीचाच आहे, मध्ये कुणी भेसळ केलेली नाही. त्या शिक्क्याचा पासवर्ड एकाच माणसाकडे असू नये, असं दिलीपभाऊंचं म्हणणं. मग पासवर्डचे दोन तुकडे केले. अर्धा दिलीपभाऊंकडे, अर्धा रतन सरांकडे. दोघांनी माझ्यासमोर येऊन, एकमेकांकडे पाठ करून, आपापला अर्धा टाइप करायचा.

रिलीजच्या दिवशी दुपारी आम्ही दुकानात बसलो होतो. सर धडगावहून काळीपिवळी जीपनं निघाले होते, पण घाटात पुढे ट्रक बंद पडला आणि सगळी रांग अडकली. जिल्ह्यातल्या शाळांना सांगून ठेवलेलं, आज चारला नवी आवृत्ती येणार. साडेतीन झाले. मी म्हटलं, सर, फोनवर सांगा.

दिलीपभाऊ तापले. "ताई! बठ्ठी जीप आयकी ऱ्हायनी!"

"ऐकू दे सगळ्यांना. त्यांना काय कळणार आहे?"

दिलीपभाऊ नियमाप्रमाणे रस्त्यावर जाऊन, कानावर हात ठेवून, बसस्टँडकडे तोंड करून उभे राहिले. येणारे-जाणारे बघत होते.

इकडे सर हळू आवाजात सांगायला लागले. "हिरवा..."

"हिरवा. पुढे?"

"बोकड..."

"बोकड. पुढे?"

"पाटीवर..." आणि रेंज गेली.

पाच मिनिटं काही नाही. परत फोन लागला, परत "हिरवा, बोकड, पाटीवर", परत गेली. तिसऱ्यांदा तेच. मला जीपमधले आवाज ऐकू यायला लागले होते. कुणीतरी विचारत होतं, बोकडाला काय झालं? एक बाई म्हणाली, मास्तर, जोरात सांगा, बिचारीला ऐकू येत नाही.

चौथ्यांदा फोन लागला. सर म्हणाले, "हिरवा बोकड पाटीवर..."

आणि अख्खी जीप एका सुरात ओरडली, "नाचतो!"

चारला दोन मिनिटं कमी असताना रिलीज गेली. संध्याकाळी सर येऊन पोचले, तेव्हा दिलीपभाऊंनी त्यांना पाणी दिलं आणि वही उघडली.

"सर, ड्रायव्हरनं नाव काय शे?"

*

रिलीज गेली की लोकांना वाटतं सुटलो. खरं काम तिथून सुरू होतं. चुका सापडतात, त्या दुरुस्त करून अपडेट पाठवायचं असतं. पण पाठवलेलं अपडेट लोकांनी घेतलं पाहिजे ना!

पहिलंच अपडेट सुरक्षेचं होतं. आम्ही पडद्यावर सूचना दिली: 'महत्त्वाची दुरुस्ती. कृपया लगेच स्वीकारा.' आठवडा झाला तरी निम्म्या मशीननीही ते घेतलं नाही. सगळे 'नंतर' हे बटण दाबत होते.

अक्कलकुव्याच्या एका शाळेत शकुंतलाबाई क्लार्क होत्या. मी त्यांना फोन केला. "बाई, अपडेट का घेतलं नाही?"

"ताई, मला रोज फोन येतात. लगेच ओटीपी द्या, लगेच केवायसी करा, नाहीतर लाइट कापू. लगेच म्हणतो तो चोर, एवढं मला समजतं."

"अहो, पण हे आमचं आहे!"

"तुमचं आहे असंच तो पण म्हणतो."

मी फोन ठेवला. मी ती सूचना बदलली. नवी सूचना: 'थोडी दुरुस्ती आहे. घाई नाही. सवडीनं घ्या.'

दोन दिवसांत जवळजवळ सगळ्या मशीननी अपडेट घेतलं. शकुंतलाबाईंनी तर पहिल्याच तासात. यादीत एकच मशीन राहिलं होतं, शहाद्यातलं, बसस्टँडजवळचं.

मी दुकानात गेले. दिलीपभाऊ पडद्याकडे डोळे बारीक करून बघत होते.

"माले न इचारता हाऊ मेसेज कोनी बदला?"

*

आता टेमरूची गोष्ट.

हे सगळं चालू असताना, त्या रिलीजच्या बरंच आधीपासून, ग्रुपवर 'टेमरू' या नावानं एक जण दुरुस्त्या पाठवायचा. अशा दुरुस्तीला आम्ही पॅच म्हणतो. पॅच लहान असायचे, स्वच्छ असायचे, सोबत दोन ओळींचं कारण. खरं नाव नाही, फोटो नाही. मीटिंगला बोलावलं तर 'जमणार नाही', एवढंच.

एक दिवस टेमरूनं मोठा पॅच पाठवला. आमच्या सिस्टिममध्ये फाईल सेव्ह करताना आधी जुनी प्रत पुसली जायची आणि मग नवी लिहिली जायची. टेमरूचं म्हणणं, उलटं करा. आधी नवी प्रत पूर्ण लिहा, मगच जुनी पुसा. मध्येच लाइट गेली तर निदान जुनी तरी हातात राहील.

म्हणणं बरोबर होतं. त्यामुळेच आम्हाला भीती वाटली. दिलीपभाऊ म्हणाले, "जठून बठ्ठ्या फायली जातस, तठेच ह्याले उभं ऱ्हावानं शे. तोंड दावत नही, नाव सांगत नही. कसाले?"

आणि यात दिलीपभाऊंचं नाव पुढे करून मला सुटता येणार नाही. निर्णय माझा होता. परक्या माणसानं गोड बोलून, चांगलं काम करून विश्वास मिळवावा आणि मग आत चोरदरवाजा बसवावा, असं होऊ शकतं हे मी वाचलेलं होतं. मी टेमरूला लिहिलं, "आपली ओळख पटल्याशिवाय हा पॅच घेता येणार नाही."

उत्तर आलं, "पॅच तपासा ना. मला कशाला तपासता?"

पॅच तपासायला दोन आठवडे नीट बसावं लागलं असतं. माझ्याकडे ते नव्हते, किंवा मी काढले नाहीत. टेमरूनं तोच पॅच आणखी दोनदा पाठवला. मी दोनदा परत केला. रिलीज त्याच्याशिवाय गेली.

पावसाळ्यात रतन सरांचा फोन आला. ते आणि तोरणमाळकडचे दोन शिक्षक मिळून पावरी शब्दांची यादी टाइप करत होते. झाडं, पाखरं, दगड, नातीगोती. शिक्षक वाड्यावस्त्यांवर फिरून विचारायचे, सर शाळेतल्या कॉम्प्युटरवर घालायचे. त्या दिवशी सर सेव्ह करत असताना लाइट गेली. आली तेव्हा फाईल होती, पण आत काही नव्हतं. दुसरी प्रत होती ती मागच्या वर्षीची.

"पुन्हा लिहू," सर म्हणाले. मग म्हणाले, "पण झाडांची नावं ज्या बाबानं सांगितली, तो उन्हाळ्यात गेला."

सर मला एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

त्या रात्रीपासून नव्हे, दुसऱ्या सकाळपासून मी सुट्टी टाकून टेमरूचा पॅच ओळ न् ओळ तपासायला बसले. आठ दिवस लागले. दोन आठवडेसुद्धा नाही. चोरदरवाजा नव्हता. एक खिळासुद्धा जास्तीचा नव्हता. आम्ही तो अपडेटमध्ये घालून पाठवला आणि मी टेमरूला माफीचा मेल लिहिला. सगळं लिहिलं, यादीचं, बाबाचं. शेवटी लिहिलं, कधी या भागात आलात तर भेटा.

चार महिने उत्तर नाही.

मग दिवाळीच्या सुट्टीत एका ओळीचा मेल आला: 'गुरुवारी दुपारी धडगावला आहे.'

दिलीपभाऊ आणि मी गेलो. रतन सरांबरोबर त्यांच्या शाळेत बसलो. मी मनात टेमरूचं एक चित्र काढलेलं होतं, बंगलोरकडचा कुणी जाड चष्म्याचा मुलगा. दारातून तिशीची एक बाई आत आली, पाठीवर सॅक, हातात प्लॅस्टिकची फाईल. तिनं आधी रतन सरांना पावरीत काहीतरी विचारलं. सरांचा चेहरा बदलला. तिच्याशी बोलून ते आमच्याकडे वळले आणि म्हणाले, "ही टेमरू. हिचं गाव इथून दोन डोंगर पलीकडे."

नाव सुनीता. लहानपणी आई-बापाबरोबर ऊसतोडीला गुजरातेत जायची, मध्ये मध्ये आश्रमशाळा. आता सुरतेत साडीच्या कारखान्यात कॉम्प्युटरवर डिझाइन काढते. कारखान्यानं मोडीत काढलेला एक कॉम्प्युटर तिनं घरी नेला होता. त्यावर दुसरं काही चालेना, चारोळी चालली. पावरी दिसली म्हणून ठेवली, त्यावरच आपलं आपण प्रोग्रॅमिंग शिकली. लाइट गेली की काम जायचं, म्हणून पॅच लिहिला.

मी म्हटलं, "सुनीताताई, तुम्ही नाव का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर घेतला असता?"



तिनं ती प्लॅस्टिकची फाईल उघडली आणि एकेक कागद टेबलावर मांडायला लागली. आधार कार्ड. रेशन कार्ड. शाळा सोडल्याचा दाखला. जातीचा दाखला. कारखान्याचं ओळखपत्र. सरपंचाचं पत्र, शिक्क्यासकट. "तुम्ही लिहिलं होतं, ओळख पटवा. हे सगळं आणलंय. नीट बघा."

"अहो, राहू द्या, राहू द्या..." मी म्हणत होते.

"नाही, बघा."

आम्ही बघितले. तिघांनी खाली माना घालून, प्रत्येक कागद. दिलीपभाऊंनी सरपंचाचं पत्र उलटून मागची बाजूही बघितली, सवयीनं, आणि मग त्यांची त्यांनाच लाज वाटली.

"पटली?" तिनं विचारलं.

"पटली," मी म्हटलं.

तिनं सगळे कागद गोळा केले, फाईलमध्ये घातले, फाईल सॅकमध्ये ठेवली. चेन लावली. मग खुर्ची पुढे ओढून हात टेबलावर ठेवून बसली.

"आता तुमचे काढा."

"आमचे?"

"चार वर्षं तुमची सिस्टिम माझ्या घरात चालते. माझं सगळं तिच्यात आहे. तुम्ही कोण, मला काय माहीत?"

मी पर्समध्ये शोधायला लागले. कॉलेजचं ओळखपत्र घरी राहिलं होतं. रतन सर म्हणाले, ही माझी शाळा आहे. ती म्हणाली, "बोर्डावर तुमचं नाव नाही."

शेवटी दिलीपभाऊंनी खिशातून पाकीट काढलं, पाकिटातून ड्रायव्हिंग लायसन्स काढलं आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरलं.

तिनं ते घेतलं. खिडकीच्या उजेडात धरलं. फोटो बघितला, दिलीपभाऊंकडे बघितलं, परत फोटो बघितला. मग खालच्या कोपऱ्यातली बारीक अक्षरं वाचली आणि लायसन्स त्यांना परत दिलं.

"भाऊ, ह्याची मुदत संपलीय."